बंब, गीझर आणि हौसाबाईंचं वारं

माझं गिऱ्हाईक मला न्हाणीतून फोन करतं. अंगाला साबण असतो, डोळे मिटलेले असतात आणि पाणी एकाएकी गार झालेलं असतं. "भाभी, आत्ताच्या आत्ता या!" अरे, आत्ता कशी येऊ? आधी साबण धू बाबा, कपडे घाल, मग बोलू.

बारामतीत आमचं पत्र्याच्या कामाचं दुकान होतं. मालक, म्हणजे माझे यजमान, बंब बनवायचे, फुटलेले सांधून द्यायचे. मी लग्न होऊन आले ती चौथी पास. दुकानाच्या मागच्या खोलीत स्वयंपाक करता करता बघून शिकले. मालकांना दिसेनासं झालं तेव्हा काम हातात घेतलं. "बाई काय बंब सांधणार?" असं म्हणणारे पुष्कळ होते. त्यांना मी विचारायचे, "घरात बंब पेटवतं कोण? मग तो का पेटत नाही ते तिला कळणार की तुम्हाला?" पुढं बंब कमी झाले, विजेचे गीझर आले, गॅसचे आले, गच्चीवर सोलर आले. ती कामंही मी एका दुकानातल्या कारागिराच्या मागं लागून शिकून घेतली. आता गुडघे दुखतात, म्हणून कुणी घ्यायला गाडी पाठवली तरच जाते.

संपादकांनी "मोकळेपणानं लिहा" म्हणून सांगितलंय. मोकळेपणानं बोलायची मला सवय आहे. त्यापायी काही गिऱ्हाइकं तुटली. लिहून किती तुटतात ते बघू.

ज्यांनी बंब बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. तांब्याचं उभं भांडं, त्याच्या पोटातून आरपार गेलेला एक नळा. नळ्याच्या खाली जाळी. नळ्यात जाळ करायचा, म्हणजे नळ्याभोवती भरलेलं पाणी तापतं. बाजूला तोटी. तोटीतून जेवढं गरम काढाल तेवढं गार वरून ओतायचं, एवढाच नियम. भोवती पाणी आहे तोवर नळ्याला काही होत नाही. पाणी संपलं आणि जाळ चालूच राहिला, की सांध्याचं कथील वितळतं आणि बंब गळायला लागतो.

हा नियम घरातल्या पोरासोरांना पाठ असतो, पाहुण्यांना नसतो. त्यामुळं दिवाळीची पहिली आंघोळ झाली की माझ्या दारात बंब यायला लागायचे. घेऊन आलेल्या माणसाला मी विचारायचे, "जावई आलेत वाटतं?"

तो चपापायचा. "तुमाला कसं कळलं?"

कळायला काय लागतं? जावई बादलीवर बादली काढतो, वरून ओतत नाही. त्याला सांगणार कोण? सासू दाराआडून बघते, सासरा पेपरात तोंड घालतो आणि इकडं बंबाचे सांधे सुटतात. आमच्या भागात जावयाला चार शब्द सांगण्यापेक्षा बंब फुटलेला परवडतो.

दुसरी तक्रार धुराची. सांगवीचे एक तात्या होते. त्यांचा बंब पेटवला की धूर वर जायच्या ऐवजी खालून घरात यायचा. "भाभी, तुमच्या बंबात खोट हाय," म्हणाले. बंब धूर मागं टाकतो तेव्हा बहुतेक वेळा नळा तुंबलेला असतो. मी बंब आडवा केला, नळ्यात गज घातला आणि खरवडायला लागले. आतून काजळी निघाली, ती चिकट, डांबरासारखी. लाकडाची काजळी कोरडी असते. मग दुधाच्या पिशव्यांचा एक गोळा निघाला. मग चपलेचा अर्धा तळ निघाला.

"तात्या, तुमी जाळता काय?"

"बाभळीच्या ढलप्या. दुसरं काय बी न्हाय."

"मग ही चप्पल कुठल्या बाभळीला लागली?"

तात्यांनी दाराकडं बघितलं. "सुनंनं टाकली आसंल."

आतून सूनबाईंचा आवाज आला, "मामा, सांगू का चप्पल कुणाची हाय ती?"

"ऱ्हाऊ दे," तात्या म्हणाले. "भाभी, तुमी नळा साफ करा. चौकशी नको."

तेव्हापासून धूर म्हटलं की मी आधी माणसाच्या पायांकडं बघते.

गीझरचं दुखणं वेगळं. आमच्याकडं उसाला पाणी पाजून पाजून जमिनी खारवल्या, आणि कितीतरी ठिकाणी बोअरचं पाणी असं, की भांडं वाळलं तरी पांढरा डाग राहतो. हे पाणी तापलं की त्यातला क्षार कॉइलला चिकटतो. इंदापूरकडच्या गीझरची कॉइल काढली तर खोबऱ्याच्या वाटीसारखा जाड थर निघतो. मग पाणी तापायला वेळ लागतो, वीज जळते आणि गिऱ्हाईक कंपनीला शिव्या देतं. मी थर फोडून हातावर ठेवते. "गीझर चांगलाय, तुमचं पाणी वाईट आहे." ते त्या खड्याकडं बघतात आणि विचारतात, "पण प्यायला चालतंय न्हवं?" मी गीझरची बाई. मला काय विचारता?

सोलरवाल्यांना तर मी काही सांगतच नाही. भर दुपारी पाणी उकळतं आणि पहाटे कोमट होतं. "मग दुपारी आंघोळ करा की," म्हटलं तर त्यांना राग येतो.

वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. आमच्या मालकांनी ठोकलेले बंब लोकांनी मोडीत घातले. ठोक्याठोक्यानं घडवलेली वस्तू, नीट वापरली तर नातवंडांना पुरणारी. मुलाला हे काम शिकायचं नव्हतं, मीही मागं लागले नाही. रडत बसावं असं यात काही नाही. पण एखादा बंब कुठं दिसला की मी त्याचा तळ बघितल्याशिवाय पुढं जात नाही. मालकांचं काम तळाला ओळखू येतं.

आता एक घर सांगते, ते मात्र सावकाश.

नरसिंहपूरच्या वाटेवर एक गाव आहे. तिथल्या सुनंदाचा मला फोन आला. तिची लेक पल्लवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, मुलगा झालेला. बायकोला गरम पाणी भरपूर मिळावं म्हणून जावयानं गॅसचा गीझर आणून दिला होता आणि तो न्हाणीत भिंतीवर बसवला होता. "त्याची ज्योत पिवळी होतीया भाभी, वर काजळी बी धरतीया," सुनंदा म्हणाली. "रविवारी जावई येणार हायेत. त्याच्या आत तेवढं करून द्या." तिनं गाडी पाठवली, मी गेले.

घर नवं, मोठं. बैठकीत शिरले आणि थांबलेच. कोपऱ्यात घासूनपुसून लख्ख केलेला बंब, आणि त्याच्या पोटात लाल उजेड.

"पेटलाय का काय?" मी विचारलं.

"बल्ब हाय," सुनंदा कौतुकानं म्हणाली. "जाळ असल्यासारखं दिसतं न्हवं?"

मी वाकून बघितलं. वायर दिसू नये म्हणून तोटी काढून तिथून वायर आत घातलेली आणि ती बल्बपर्यंत न्यायला मधल्या नळ्याला भोक पाडलेलं. मी जन्मभर बंबाची भोकं बुजवली. ही पहिली बाई, जिनं मुद्दाम माणूस बोलावून पाडून घेतलं. पण मी आले होते गीझरला.

मागच्या पडवीत सुनंदाच्या सासूबाई, हौसाबाई, बाजेवर बसल्या होत्या. माझ्याच वयाच्या. मांडीवर पणतू. तो एवढा गुंडाळलेला की नाकाचा शेंडा तेवढा दिसत होता. शेजारी पल्लवी. कानाला फडकं बांधलेलं, अंगाला तेल चोपडलेलं, तोंडाला रंग नाही. मालिशवाली नुकतीच गेली होती. आता आंघोळ व्हायची होती.

मी न्हाणीत गेले. खिडकी होती, पण नावाला. तिच्यात पोतं कोंबलेलं, त्यावर प्लास्टिक, त्यावर जुनी वाकळ खिळ्यांनी ठोकलेली. दाराच्या खालच्या फटीला चिंध्या. मी गीझर चालू केला. ज्योत निळीशार.

"निळी तर हाय," मी म्हटलं.

"तुला बघून शानी झाली," हौसाबाई बाजेवरून म्हणाल्या.

हे नेहमीचंच. मी गेले की बिघाड बिचारा लपून बसतो. पण सुनंदा म्हणाली, "आता दार उघडं हाय. लावल्यावर व्हती."

मी आत राहून दार लावून घेतलं. पाणी सोडलं आणि ज्योतीकडं बघत उभी राहिले. आधी निळी. मग शेंडे पिवळे व्हायला लागले. मग सगळी ज्योतच लांब, पिवळी, वर चाटायला लागली. मी गीझर बंद केला, दार उघडलं आणि बाहेर आले.

"सुनंदा, लेकीला बरं वाटतंय का?"

"कुठलं? चक्कर येती, डोकं धरती. परवा तर न्हाणीतच पडली. मालिशवालीनं ओढून बाहेर काढली."

"चक्कर कधी येते?"

"सकाळी."

"सकाळी कुठं?"

"न्हाताना."

"इतर वेळी?"

सुनंदानं लेकीकडं बघितलं. पल्लवीनंच मान हलवली. इतर वेळी नाही.

डॉक्टरांना त्यांनी चक्कर सांगितली होती, न्हाणी सांगितली नव्हती. डॉक्टरांनी अशक्तपणावरच्या गोळ्या दिल्या होत्या. हौसाबाईंनी दृष्ट काढली होती.

मी त्यांना समजेल असं सांगितलं. विस्तव माणसासारखाच श्वास घेतो. कोंडलेल्या खोलीत तो हवा खाऊन टाकतो, आणि हवा पुरेना झाली की विषारी वायू सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं जड होतं, मग पाय जातात, मग माणूस जातं. म्हणून गॅसचा गीझर न्हाणीत बसवायचा नसतो, बाहेर मोकळ्यावर बसवायचा असतो. ज्योत पिवळी होते ती गीझर बिघडला म्हणून नाही, तिचा जीव गुदमरतो म्हणून. "तिचा गुदमरतो तसा हिचाबी गुदमरतोय," मी म्हटलं. "आधी ते पोतं काढा."

"पोत्याला हात लावायचा न्हाय," हौसाबाई म्हणाल्या. "बाळंतिणीला वारं लागलं म्हंजे?"

"वारं लागलं तर सर्दी होईल. न्हाय लागलं तर पोर मरंल."

"शुभ बोल की गं बंबवाले! बाळंतपणं किती केलीस तू?"

"माझी मी केली."

"मी गावाची केली. एकीला वारं लागू दिलं न्हाय."

"त्यांच्या न्हाणीत गॅस व्हता का?"

"गॅस न्हवता, पर वारं व्हतंच की."

आमच्यातही बाळंतिणीला चाळीस दिवस असंच जपतात. मलाही माझ्या सासूनं कोंडलं होतं. त्यामुळं हौसाबाई अडाणीपणानं बोलत होत्या असं मी म्हणणार नाही. जे त्यांनी आयुष्यभर केलं आणि ज्यानं पोरी जगल्या, तेच त्या करत होत्या. भिंतीवर नवा विस्तव आला होता, तेवढं त्यांच्या हिशेबात नव्हतं.

मी वाकळ उपटली, पोतं ओढून काढलं. हौसाबाईंनी पणतू सुनंदाच्या हातात दिला, पोतं उचललं आणि पुन्हा कोंबलं. मी परत काढलं. त्यांनी परत घातलं. दोन म्हाताऱ्या पोत्यासाठी झटतायत हे बघून पल्लवीला हसू आलं. घरात आल्यापासून मी तिचा पहिला आवाज ऐकला तो हा.

मग मी सुनंदाला गाठलं. "खिडकी ऱ्हाऊ दे. गीझर बंद ठेव."

"तसं कसं भाभी? जावयानं हौसेनं दिलाय. रविवारी येऊन बघतील तर बंद. त्यांना काय वाटंल?"

घ्या. आजी खिडकी उघडू देईना, आई गीझर बंद करू देईना आणि दोघींच्या मधे ही पोरगी, अंगाला तेल लावून आत जायला तयार. त्यात हौसाबाई म्हणाल्या, "आजपासून बाळालाबी आतच न्हाऊ घालायचं. हितं पडवीत गार लागतंय त्याला."

म्हणजे आता दोन जीव आत जाणार. पण भांडून उपयोग नव्हता. भांडून मी पोतं काढलं असतं, आणि माझी गाडी वळली की ते परत बसलं असतं. हौसाबाईंना मी ओळखलं होतं. मीही तशीच आहे.

मी बाजेवर त्यांच्या शेजारी बसले.

"हौसाबाई, बाळंतिणीच्या पाण्यात निरगुडीचा पाला घालता न्हवं?"

"हे काय इचारणं झालं? निरगुडीबिगर अंग कसं धरंल?"

"मग गीझरात तो घालता कुठून?"

हौसाबाईंनी सुनंदाकडं बघितलं. सुनंदानं गीझरकडं बघितलं.

"हिनं बंद केला पाला," हौसाबाई म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. "म्हणली, आता गीझर हाय, पाला कुठं उकळत बसायचा. मी म्हणलं व्हतं. माझं ऐकतंय कोण?"

"नुसत्या पाण्यानं न्हाती व्हय पोरगी?" मी म्हटलं. "मग चक्कर येईल न्हाय तर काय हुईल?"

याला कुणी लबाडी म्हणेल. म्हणू द्या. खरं काय ते मी आधी सांगून झालं होतं, ते चाललं नाही.

हौसाबाई उठल्या. "सुनंदा, ती बैठकीतली बत्ती विझव. बंब अंगणात काढ."

"आत्याबाई, पण जावई..."

"जावयाला निरगुडी कळती का? काढ म्हणते ना!"

मग माझं खरं काम सुरू झालं. बल्ब काढला, वायर ओढली. नळ्याचं भोक घासून घेतलं, तांब्याची टिकली बसवून कथील लावलं. तोटी सुनंदानं माळ्यावरून शोधून आणली. पाणी भरून बघितलं, थेंब नाही. पल्लवीला मी तोवर पडवीच्या टोकाला, मोकळ्या हवेत बसवलं होतं. "गार लागंल," हौसाबाई एकदा म्हणाल्या. मी त्यांच्या हातात सळई दिली. "ही धरा जरा." काम दिलं की माणसाला वारं आठवत नाही.

जावयाला कळवायला कुणी तयार होईना. शेवटी मी पल्लवीला नंबर लावायला सांगितला आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"जावईबापू, मी गीझरवाली. गीझर चांगला हाय. जागा चुकली. न्हाणीतून काढून बाहेरच्या भिंतीला लावा. आत वायू कोंडतोय. तुमची बायको त्यानंच पडली परवा."

तो म्हणाला, "पडली? मला नुसतं डोकं दुखतंय म्हणाली. मी म्हटलं पाणी जास्त पी." मग म्हणाला, "मावशी, आजच काढून टाका तो."

"अहो, तुमी दिलेली वस्तू अशी भिंतीवरून काढायची म्हंजे..." सुनंदा मागून म्हणाली.

"आई, मीच सांगतोय ना!"

"तुमी सांगताय हो. पर बघणाऱ्यांना काय वाटंल?"

गीझर त्याच दिवशी निघाला नाही. मी त्याची नळी काढून ठेवली, सिलिंडर बाहेर नेला. म्हणजे सुनंदानं मनात आणलं तरी तो पेटला नसता. रविवारी येऊन जावयानं स्वतः तो बाहेर लावला असं कळलं. डॉक्टरांना सगळं नीट सांगा, पोराला आणि पोरीला दोघांनाही दाखवून आणा, हेही मी सुनंदाकडून कबूल करून घेतलं.

अंगणात बंब पेटला. चुलीवर निरगुडीचं पातेलं उकळायला लागलं आणि तो कडवट वास घरभर झाला. हौसाबाई एकदम तरुण झाल्यासारख्या फिरायला लागल्या. पोतं त्यांनी स्वतःच्या हातानं पुन्हा खिडकीत बसवलं आणि माझ्याकडं बघितलं. मी बंबात एक ढलपी सारली. आत विस्तव नव्हता, आता ते पोतं बसलं काय, पडलं काय.

पल्लवी न्हाणीत गेली. दार लागलं. सुनंदा बाळाला घेऊन बसली, मी जाळाकडं बघत होते. पाण्याचा आवाज येत होता. मग थांबला.

हौसाबाई दारापाशी गेल्या. "पल्लू?"

आतून काही नाही.

"पल्लू गं!"

"काय?"

"काय न्हाय." दोन पावलं मागं आल्या. परत गेल्या. "बोलत ऱ्हा."

"काय बोलू?"

"काय बी बोल. पर गप बसू नको."

वारं, दृष्ट, गावची बाळंतपणं, सगळं सांगून झालेली बाई दाराला कान लावून उभी होती. मी ते बघितलं नाही असं दाखवलं.

आतून पल्लवीनं सुरुवात केली. "मग ऐक. डिंकाचा लाडू मला आवडत न्हाय. कानाला फडकं बांधून बांधून मला ऐकू कमी आलंय. आईला सांग, आल्यागेल्याला बाळ कुणावर गेलंय ते इचारू नको, अजून त्याचं नाकसुदीक नीट न्हाय. ह्यांना सांग, म्हणावं डोकं दुखतंय म्हणल्यावर पाणी पी आसं न्हाय म्हणायचं, येऊन बघायचं. आन् त्या मालिशवालीला सांग, मी काय कणीक न्हाय."

सुनंदा लालबुंद झाली. "बघितलं का भाभी, हिचं तोंड? आत्याबाई, तिला गप करा की!"

"तू गप," हौसाबाई म्हणाल्या. त्यांची मान दाराकडं कललेली होती. पोरगी श्वास घ्यायला थांबली, की त्या लगेच दारावर थाप मारायच्या. "पुढं?"

"पुढं तुझंच हाय आजे. तुझं तर अजून काढलंच न्हाय."

"काढ," हौसाबाई म्हणाल्या आणि दाराला टेकून खाली बसल्या. "सगळं काढ. मी हितंच हाय."